फळ फ्रीजरमध्ये, चॉकलेट वरून

हौशी : ताई, केळ्याचा फणा घरी आणला की सगळी केळी एकदमच पिकतात. सोमवारी हिरवट असतात, बुधवारी पिवळीधमक होतात, शुक्रवारी सालीवर काळे ठिपके येतात आणि शनिवारी त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. जळगावच्या केळ्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक आपण करतो आणि तीच केळी ओल्या कचऱ्यात टाकतो. म्हणून शुक्रवारी मी ती सोलतो, बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या करतो, ताटात बटर पेपर घालून सुट्या सुट्या मांडतो आणि फ्रीजरमध्ये ठेवतो. दोन-तीन तासांत त्या टणक होतात. मग गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात चॉकलेट वितळवायचं, काट्यावर एकेक चकती घेऊन बुडवायची, जास्तीचं चॉकलेट निथळू द्यायचं आणि ओलं असतानाच वर भाजलेल्या दाण्यांचा भरड कूट भुरभुरायचा. गॅसपाशी काय ती दहा मिनिटं जातात, बाकीचं मुलंच करतात. बाजारातल्या चॉकलेट चढवलेल्या आइस्क्रीमच्या कांडीपेक्षा हे कितीतरी बरं, असं माझं ठाम मत आहे. त्यातल्या कित्येक कांड्यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘फ्रोझन डेझर्ट’ छापलेलं असतं, म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी वनस्पती तेल. माझ्या डब्यात केळं, चॉकलेट आणि दाणे, चौथं काही नाही.

शंकेखोर : तू तुलना कशाशी करतोस, तिथेच माझी पहिली हरकत आहे. बाजारातल्या कांडीशेजारी ठेवलं तर घरचं काहीही चांगलंच दिसेल. तुझ्या खाऊची तुलना त्या फळाशीच व्हायला हवी. शुक्रवारच्या केळ्याचं शिकरण दोन मिनिटांत होतं, त्याला ना फ्रीजर लागतो ना चॉकलेट. आणि केळ्याचं एक वेळ सोड, पण लोक हेच स्ट्रॉबेरीचं करतात, हापूसच्या फोडींचंही करतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थंडीच्या दिवसांत दोन-चार महिने मनासारखी मिळते. तिच्यात शंभरातले नव्वदहून अधिक भाग पाणी. पाणी गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं. घरच्या फ्रीजरमध्ये हे सावकाश होतं, म्हणून बर्फाचे खडे मोठे धरतात आणि फळाच्या पेशींच्या भिंती फोडून टाकतात. ती स्ट्रॉबेरी बाहेर काढून अर्धा तास ठेव, ताटलीत गुलाबी पाण्याचं थारोळं आणि मध्ये लिबलिबीत गोळा उरतो. शेतकऱ्याने ज्या कुरकुरीत गरासाठी ती जपली, तो गर तू मोडलास. आणि थंडीने जीभही बधिर होते. थंड पदार्थातला गोडवा जिभेला कमी लागतो, वासही कमी येतो. हापूसचं अर्धं सुख त्याच्या वासात आहे. तो गोठवून वर चॉकलेट चढवलंस, तर आंबा खाल्ला असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

हौशी : हापूसच्या बाबतीत मी तुमच्याशी वाद घालणारच नाही. हापूस चिरून खावा किंवा आमरस करावा. चॉकलेटचा कडवटपणा त्याच्यावर बसतच नाही, दोघे एकमेकांना दाबतात. पण तुम्ही सगळ्या फळांना एकाच मापाने मोजता आहात. हळू गोठलं की खडे मोठे होतात आणि पटकन गोठलं की बारीक राहतात, हे अगदी खरं. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकी माणसाने लॅब्राडोरच्या थंडीत हेच पाहिलं होतं. तिथे बर्फावर ओढून काढलेला मासा वाऱ्यात क्षणात गोठायचा आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. पुढे 1920 च्या दशकात त्याने झटपट गोठवण्याची यंत्रं काढली आणि गोठवलेल्या अन्नाचा सगळा धंदा त्यावर उभा राहिला. माझ्याकडे ते यंत्र नाही. माझ्याकडे उणे अठराचा घरगुती फ्रीजर आहे. म्हणून मी अशीच फळं निवडतो, ज्यांचं या फ्रीजरमध्ये नुकसान होत नाही.

केळ्यात पाणी पाऊणच भाग, आणि पिकल्यावर साखर भरपूर. गोठलं तरी ते दगड होत नाही, दाताखाली घट्ट सायीसारखं लागतं. ज्याने ते कधी खाल्लं नसेल त्याला सांगूनही पटत नाही. नुसत्या गोठलेल्या चकत्या मिक्सरमध्ये फिरवल्या, तर दुधाचा थेंब न घालता आइस्क्रीमसारखा गोळा होतो. नाशिकच्या द्राक्षांचंही तसंच. त्यांच्यात साखर इतकी असते की उणे अठरालाही आत थोडा रस न गोठता राहतो, म्हणून ती कडक गोटी न होता सरबताच्या बर्फासारखी भुरभुरीत लागतात. स्ट्रॉबेरीबद्दल एवढंच म्हणेन की ती बाहेर ठेवून वितळू द्यायचीच नाही, काढली की लगेच खायची. आणि जानेवारीतली चांगली स्ट्रॉबेरी नकोच. मार्चअखेरीस ढिगाने येणारी, एका बाजूने मऊ पडलेली, ‘संपवा हो लवकर’ म्हणत गाडीवाला स्वस्तात देतो ती घ्यायची. तिचा कुरकुरीतपणा तसाही गेलेला असतो, मी त्यात आणखी काय मोडणार?

शंकेखोर : हे पटलं. उरलेलं, उतरलेलं, एकदम पिकलेलं फळ वाचवायचं असेल तर फ्रीजरला माझी ना नाही. आमरसाचे डबे आम्हीही गोठवतो आणि श्रावणात काढतो. आता वरच्या थराकडे ये. तू ‘चॉकलेट’ म्हणतोस म्हणजे नेमकं काय? दुकानात खाऊ बनवणाऱ्यांसाठी विटेसारखे स्लॅब मिळतात, त्यातले बरेचसे कंपाउंडचे असतात. कोको बटर काढून त्या जागी पामच्या गराचं तेल किंवा तसलंच घट्ट वनस्पती तेल घातलेलं असतं. स्वस्त पडतं, वितळवलं की आपसूक घट्ट होतं, चकाकतं. म्हणून ते सोपं. मग तुझ्या डब्यात आणि त्या फ्रोझन डेझर्टच्या कांडीत फरक काय राहिला? तेल तेच. शिवाय थंडगार तोंडात ते तेल धड वितळत नाही, टाळूला मेणासारखं चिकटून बसतं.

आता साखरेचा हिशेब कर. दुधाच्या चॉकलेटमध्ये निम्म्याहून अधिक साखर असते. एका चकतीला पाच ग्रॅम चॉकलेट लागलं असं धर. पोराने सहा चकत्या खाल्ल्या म्हणजे तीस ग्रॅम चॉकलेट, त्यात पंधरा-सोळा ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर पाच टक्क्यांच्या आत. दिवसाला दीड हजार कॅलरी खाणाऱ्या मुलाला पाच टक्के म्हणजे जेमतेम एकोणीस ग्रॅम. तुझ्या सहा चकत्यांत त्याचा दिवस आटोपला. आणि घरी केलंय, फळ आहे, म्हणून तू त्याला सातवीही देशील. बाहेरच्या कांडीला आपण निदान एकावर थांबतो.

हौशी : सातवीचा मुद्दा मला लागला, कारण तो खरा आहे. घरच्या खाऊला आपण हात आखडत नाही. पण कंपाउंडबद्दल माझं नीट ऐकून घ्या. घरी चॉकलेट करणारे कंपाउंडकडे वळतात ते फक्त स्वस्त म्हणून नाही. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर फार हट्टी. ते सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी घट्ट होऊ शकतं, आणि त्यातल्या एकाच तऱ्हेला चकाकी आणि कट्कन मोडण्याचा गुण असतो. त्यासाठी ते वितळवून, ठरावीक अंशांपर्यंत थंड करून, पुन्हा जरासं तापवावं लागतं. याला टेंपरिंग म्हणतात, आणि एप्रिलमधल्या पुण्याच्या स्वयंपाकघरात ते साधणं महाकठीण. टेंपरिंग चुकलं की चॉकलेट बाहेर ठेवल्यावर मऊ पडतं, त्यावर पांढुरके डाग येतात. माणूस कंटाळतो आणि कंपाउंड आणतो.

पण गोठलेल्या फळाला ही अडचणच येत नाही. चकती उणे अठराची, चॉकलेट कोमट. बुडवल्याबरोबर दहा-पंधरा सेकंदांत ते आवळून बसतं, आणि ती चकती कधी बाहेरच्या हवेत राहणारच नसते. फ्रीजरमधून थेट तोंडात. त्यामुळे टेंपरिंग न करता खरं चॉकलेट वापरता येईल अशा ज्या थोड्या जागा घरात आहेत, त्यातली ही सगळ्यात खात्रीची. मी पाकीट उलटून बघतो. घटकांत कोको बटर असेल आणि वनस्पती तेल नसेल, तरच घेतो. सत्तर टक्क्यांचं कडू घेतो, त्यात साखर तीस टक्क्यांच्या आसपास. शंभर ग्रॅमला एक चमचा खोबरेल घालतो, अर्थात खाण्याचं; ‘चौथं काही नाही’ म्हटलं त्याला हा एवढाच अपवाद. त्याने ते पातळ होतं, थर कागदासारखा बसतो आणि तोंडात लवकर विरघळतो. पाच ग्रॅमच्या जागी दोन-अडीच ग्रॅम पुरतं. तुमचा पंधरा ग्रॅमचा हिशेब मग चार-पाचावर येतो.

(दोघांच्या बोलण्यात मी इथे मुद्दाम अडथळा आणतो, कारण ही गोष्ट राहून जाता कामा नये. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नये, गोठलेलं तर नाहीच. त्या आकाराचं, गुळगुळीत, कडक फळ लहानग्याच्या श्वासनलिकेत अडकू शकतं. द्राक्ष उभं चिरून, त्याचे चार लांबट तुकडे करून मगच गोठवावं. अख्खे दाणे आणि बदामही या वयाला नकोत, बारीक कूटच बरा. आणि फळं आधी नीट धुवावीत. फ्रीजरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात.)

शंकेखोर : बरं झालं, हे कुणीतरी बोललं. ‘सोपा खाऊ’ म्हटलं की हेच सांगायचं राहून जातं. तुझं टेंपरिंगचं म्हणणं मला नवीन आहे आणि पटतंही. पण तुझ्या सांगण्यात जे दहा मिनिटांचं वाटतं, ते रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत करून बघ. फ्रीजरमधून ताट काढलं की दोन मिनिटांत चकत्यांवर हिमाचा पांढरा थर धरतो. त्या तशाच बुडवल्या तर चॉकलेट धरत नाही, सालपटासारखं निघून येतं. तोच ओलावा थेंबाथेंबाने भांड्यात उतरतो. वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचे चार थेंब लागले की ते एकदम आटून खरखरीत गोळा होतं. साखर आणि कोकोची पूड पाणी ओढून घेते, एकमेकींना चिकटते आणि भांड्यातलं सगळं चॉकलेट थिजतं.

हौशी : म्हणून एका वेळी पाच-सहाच चकत्या बाहेर काढायच्या, बाकी ताट आतच. भांड्याच्या बुडाला खालचं पाणी लागू द्यायचं नाही, पाण्याला वाफ आली की गॅस बंद. चमचा, काटा, वाटी कोरडी ठणठणीत. आणि चॉकलेट थिजलंच तर टाकायचं नाही. त्यात थोडं गरम दूध घालून ढवळलं की ते पुन्हा सैल होतं. थर बसायच्या कामाचं राहत नाही, पण केळ्यांवर ओतून खाता येतं.

शंकेखोर : हेच मी म्हणते! हे सगळं माहीत असेल तर सोपं. वर डब्याचं झाकण घट्ट लागायला हवं, कारण चॉकलेटमधला स्निग्धांश वास पटकन ओढतो आणि आपल्या फ्रीजरमध्ये सोललेले मटार, ओलं खोबरं, आलं-लसणाची पेस्ट आणि कोकणी घर असेल तर बांगडा, सगळं शेजारी शेजारी नांदत असतं. वीज बराच वेळ गेली की चकत्या सैल पडून पुन्हा गोठतात, आणि दुसऱ्यांदा गोठलेलं फळ म्हणजे बर्फाचा भुगा. ज्या गावात भारनियमन आहे तिथे तुझा खाऊ टिकणार कसा? आपल्याकडे फळ टिकवायची रीत उन्हाची. आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, वसईची सुकेळी. एकदा वाळलं की त्याला वीज लागत नाही, वर्षभर बरणीत राहतं. सुकेळ्यात तर साखरसुद्धा घालत नाहीत, राजेळी केळ्याचा स्वतःचा गोडवाच आटून घट्ट होतो. केळं टिकवण्याची रीत घरात असताना तू परक्या दाराशी का जातोस?

हौशी : ताई, उन्हाची रीत मलाही प्रिय आहे. पण ती कुणाच्या जिवावर चालायची ते विसरू नका. आंबापोळीसाठी रस आटवायचा, ताटांना तूप लावायचं, थरावर थर द्यायचे, दर थर वाळेपर्यंत गच्चीवर राखण करायची, कावळे हाकायचे, वळवाचे ढग आले की धावत ताटं आत आणायची. एप्रिल-मे महिन्यांत घरातल्या बायकांची दुपारची झोप त्यात जायची, आणि पुरुष आयतं खायचे. आज दोन खोल्यांच्या घरात गच्ची नाही, दोघं नोकरीला, ऊन येतं ते खिडकीच्या जाळीतून. आंबापोळी करा म्हणणं म्हणजे पुन्हा कुणा एका बाईला त्या उन्हात उभं करणं. चकत्या मांडायला आणि बुडवायला बापाला, आठ वर्षांच्या मुलाला, कुणालाही येतं. आणि फ्रीजर एरवीही चालूच असतो. माझ्या एका ताटाने बिलात काय भर पडणार?

शंकेखोर : श्रमाचं म्हणतोस ते मी डोक्यावर घेते. त्या ताटांपाशी मी बसलेली आहे, आणि ती दुपार कुणी परत मागावी असं मला वाटत नाही. पण श्रमाचा विषय तू काढलास, तर तो पुरता बघ. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथल्या मळ्यांवर लहान मुलं राबतात हे जगजाहीर आहे. 2001 मध्ये मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी ते थांबवण्याचा करार केला आणि इतकी वर्षं लोटली तरी ते थांबलेलं नाही. आपल्या मुलाच्या हाताने मजेत करायच्या खाऊत दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या हाताचा कोयता नको, एवढं तरी आपण बघणार की नाही?

हौशी : बघायला हवं. मी ते नेहमी बघतो असं म्हणणार नाही, पण वाट आहे. केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत कोको पिकतो, नारळी-पोफळीच्या सावलीत. त्या बियांपासून, बी कुठल्या बागेतली ते वेष्टनावर छापून चॉकलेट करणारे आता आपल्याकडे आहेत. ते महाग पडतं. 2024 मध्ये जागतिक बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा चॉकलेट मुळात स्वस्त वस्तू नाही हे सगळ्यांनाच कळलं. पण महाग चॉकलेट आपोआप पातळ लावलं जातं. माझ्या मते या खाऊत चॉकलेटची जागा तेवढीच असावी. आत केळं जाड, वर थर इतका झिरझिरीत की दाताखाली एकदाच मोडेल.

शंकेखोर : मग माझी शेवटची शंका ऐक. तीच मला सगळ्यात जास्त छळते. तू म्हणशील, यामुळे मुलं फळ खायला लागली. मी म्हणते, ती चॉकलेट खायला लागली आणि फळ त्यांनी चालवून घेतलं. दोन्हींत फरक आहे, आणि तो डबा रिकामा झाल्यावर कळत नाही. तेव्हा दर वेळी थर थोडा पातळ करत जा. मग एकदा चॉकलेट अजिबात लावू नकोस. नुसत्या गोठलेल्या चकत्या त्याच डब्यात, त्याच जागी ठेव आणि काही सांगू नकोस. मुलाने डबा उघडून चकती खाल्ली तर माझी हार. झाकण लावून परत ठेवला, तर तुझ्या चॉकलेटने फळाची गोडी लावली नाही, मुलाला फळाकडे बघायची गरजच ठेवली नाही.

हौशी : ही परीक्षा मी घेईन. पण मग ती सगळ्यांची घ्या. शिकरणात तुम्ही साखर घालता. आमरसात घालता, वर तूप सोडता. फ्रुट सॅलडमध्ये कस्टर्ड. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांना फळ दुधात, साखरेत, तुपात बुडवूनच दिलं गेलं, आणि त्यातली बहुतेक मोठी झाल्यावर आंबा चोखून खातात. साखरेने त्यांचं फळ हिरावलं नाही. मग चॉकलेटच हिरावेल, हे कशावरून?

शंकेखोर : आमरसात साखर पडते ती आंबा आंबट निघाला तर. आंबा गोड असताना कुणी साखर घातली तर माझी आई हात धरायची. शिकरणाचं मात्र तुझं बरोबर आहे, केळं गोड असूनही आम्ही साखर घालतोच, आणि का घालतो हे मी कधी स्वतःला विचारलेलं नाही. तरी एक फरक मला दिसतो. शिकरणाला केळ्याचा वास येतो, केळ्याचा रंग असतो. मुलाला आपण काय खातो हे डोळ्यांना दिसतं. तुझी चकती बाहेरून फक्त चॉकलेट दिसते. आत केळं आहे की बिस्किट, हे चावल्याशिवाय कळत नाही.

हौशी : मग अर्धीच बुडवतो. अर्धी चकती उघडी राहील, केळं दिसेल, साखरही निम्मी.

शंकेखोर : अर्धी बुडव. आणि मुलाने कोणत्या बाजूने चावायला सुरुवात केली, ते मला सांग.